मराठा सुतार आणि त्याचे भाऊबंद

पक्ष्यांच्या नामकरणाचा इतिहास पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी नावे ठेवली त्यांच्यापुढे पुष्कळदा केवळ वाळलेले कातडे किंवा रंगविलेले चित्र असे. आणि ज्यांच्या परसातील झाडावर तो पक्षी रोज चोच आपटीत होता, त्यांनी त्यास सरसकट 'सुतार' म्हणून सोडून दिले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आजही तीच स्थिती आहे.

पुण्यास दुसरा बाजीराव पेशवेपदावर असता, 1801 साली, केंट परगण्यात वैद्यकी करून निवृत्त झालेल्या जॉन लॅथम याने एका सुतारास 'महरट्टेन्सिस', म्हणजे मराठ्यांचा, असे लॅटिन विशेषण दिले. हाच आपला मराठा सुतार. त्याहून मोठा जो सोनपाठी सुतार, त्यास लिनीयसने 1758 मध्येच बंगालचे नाव दिले होते. पांढऱ्या मानेच्या सुतारास बोडार्ट या डच पंडिताने 1783 मध्ये नाव दिले, ते गोव्याच्या नावाने छापलेल्या एका फ्रेंच चित्रावरून. सर्वांत धाकट्यास व्हिगर्सने 1832 मध्ये 'नॅनस', म्हणजे ठेंगू, म्हटले. कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे ठेवली, तीही याच वर्षी. साइक्सने मात्र हा मुलूख स्वतः पायाखाली घातला होता.

ही नावे ऐकून मराठा सुतार महाराष्ट्रात आणि सोनपाठी बंगालात राहत असेल असा कोणाचा समज होईल, तर तो चुकीचा ठरेल. दोघेही हिंदुस्थानात दूरवर पसरलेले असून एकाच शिरिषावर शेजारी म्हणून नांदतात. सारांश, ओळख नावावरून होत नाही. ती खुणांवरूनच करावी लागते.

दोन जोड्या विशेष घोटाळ्यात पाडतात. पहिली मराठा आणि ठेंगू यांची. दोघांच्याही काळपट अंगावर पांढरी नक्षी असते. परंतु मराठा सुतार बुलबुलाहून थोडा लहान, त्याचा माथा पिवळसर, नराच्या डोक्यामागे तांबडा पट्टा, आणि पोटावर तांबडा डाग. ठेंगू चिमणीएवढा, माथा तपकिरी, पोटावर तांबडे काही नाही, आणि नराच्या डोक्याच्या बाजूची तांबडी रेघ इतकी बारीक की बहुधा दिसतच नाही. दुसरी जोडी सोनेरी पाठीची. येथे पाठ पाहू नये, मान पाहावी. सोनपाठीची मान मागून काळी आणि गळाही काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. दुसऱ्याच्या मानेमागे पांढरा पट्टा खाली उतरतो. मादीचा माथा तर पक्की साक्ष देतो: सोनपाठीच्या मादीचा पुढचा माथा काळा-पांढरा ठिपकेदार व मागचा तुरा तांबडा, तर पांढऱ्या मानेच्या मादीचा माथा पिवळा.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. परसात दाणे टाकले की चिमण्या आणि पारवे जमतात. सुतार त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचे ताट म्हणजे किडीमुंग्यांनी पोखरलेली वाळकी फांदी, आणि घर म्हणजे त्याच फांदीत कोरलेली ढोली. ती त्याने सोडल्यावर तीत मैना, पोपट, पिंगळे संसार मांडतात. 1954 मध्ये पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1982 मध्ये या गावांची महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणचे माळ मोटारींच्या कारखान्यांनी भरले. पोट भरण्यासाठी आलेल्या लाखो माणसांस येथे आसरा मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि नव्या वसाहतींच्या बागा शोभेसाठी लावलेल्या असतात. तेथे वाळकी फांदी दिसली की ती कुऱ्हाडीस बळी पडते. माळावरच्या बाभळीवर राहणाऱ्या मराठा सुतारास अशी बाग घराच्या मोबदल्यात पुरत नाही.

आणि येथेच ओळखीचे मोल कळते. चारही जातींना ज्याने एकच 'सुतार' मानले, त्याच्या लेखी सोनपाठी ओरडत आहे तोवर सर्व ठीक आहे. त्यांतला एक कमी झाला तरी त्यास पत्ता लागणार नाही. जे वेगळे ओळखले नाही, ते गेल्याचे दुःखही होत नाही. लॅथमने या पक्ष्यास मराठ्यांचे नाव दिले. त्यास मराठी मुलखात जागा देणे हे मात्र आपल्याच हाती आहे, आणि त्याचा आरंभ धोका नसेल तेथे एक वाळकी फांदी न तोडण्याने होऊ शकतो.