मेकफाइलमधील छुपे अवलंबित्व कसे शोधावे?

प्रतिनिधी, वसई

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही घेता येतो. मात्र आपल्या संगणकावर ‘बिल्ड’ करताना काम अर्ध्यावर थांबते. अशा वेळी दोष अनेकदा ‘टार्गेट’च्या अवलंबित्वात असतो.

टार्गेट म्हणजे तयार करावयाची फाइल. अवलंबित्व म्हणजे तिच्याआधी तयार लागणाऱ्या फाइली. वसईची सुकेळी बांधण्यापूर्वी राजेळी केळी वाळलेली हवीत आणि गुंडाळायची पानेही, तसाच हा क्रम. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्राम तो ‘मेकफाइल’मधून वाचतो आणि फाइल बदलल्याची वेळ पाहून कोणते काम पुन्हा करायचे ते ठरवतो. जे अवलंबित्व लिहिलेले नाही, ते त्याला दिसत नाही.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, शिळी फाइल. ‘लोहित देवनागरी’ या मुक्त फॉन्टसारख्या प्रकल्पात अक्षरांच्या आकृत्या आणि जोडाक्षरांचे नियम यांपासून फॉन्ट तयार होतो. समजा, नियमांची फाइल अवलंबित्वात नोंदवलेली नाही. मग ‘क्ष’चा नियम सुधारला तरी ‘मेक’ सर्व अद्ययावत असल्याचे सांगेल आणि जुनेच जोडाक्षर वाचकापर्यंत जाईल.

दुसरा परिणाम समांतर कामात दिसतो. एकच माणूस नेहमी आधी पाने वाळवत असेल, तर तो नियम लिहिला नसल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. चार हात एकदम लागले, की पाने ओली असतानाच बांधणी सुरू होते. ‘-जे’ पर्यायाने अनेक कामे एकाच वेळी चालवल्यावर बिल्ड कधी यशस्वी, कधी अयशस्वी होतो, तो यामुळेच.

तपासणीचा क्रम असा :

* ‘-एन’ पर्यायाने आज्ञा प्रत्यक्ष न चालवता त्यांचा क्रम पाहावा.
* ‘--डीबग’ पर्यायाने एखादे टार्गेट पुन्हा का बनले वा का बनले नाही, ते कळते.
* कोऱ्या डिरेक्टरीत आधी एका कामाने, नंतर समांतर बिल्ड करावा. फक्त दुसरा फसला, तर छुप्या अवलंबित्वाचा संशय घ्यावा.
* ग्नू मेक ४.४ (२०२२) पासूनचा ‘--शफल’ पर्याय क्रम मुद्दाम बदलून असे दोष उघड करतो.
* सी भाषेतील हेडर फाइलींची यादी हाताने न लिहिता जीसीसीच्या ‘-एमएमडी’ पर्यायाने करून घ्यावी.

समांतर काम कायमचे बंद ठेवल्याने दोष झाकला जातो, जात नाही. राहिलेले अवलंबित्व मेकफाइलमध्ये लिहून ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी; पुढच्याचा वेळ वाचतो.