मेदाम्ल, ग्राही प्रथिन आणि जनुक

ज्या प्रथिनास विशिष्ट रेणू जोडला गेला असता पेशीकेंद्रातील ठरावीक जनुकांचे प्रतिलेखन वाढते किंवा मंदावते, त्यास केंद्रकीय ग्राही म्हणतात. डीएनएमधील माहिती आरएनएत उतरणे, हे प्रतिलेखन. मेदाम्ले ज्यांना जोडली जातात अशा ग्राहींचा एक गट ‘पीपीएआर’ या संक्षेपाने ओळखला जातो. त्यांतील पहिला १९९० मध्ये उंदराच्या यकृतातून उजेडात आला. या गटाचे प्रकार तीन. अल्फा मुख्यतः यकृतात असून मेदाचे ज्वलन वाढवतो. गॅमा मेदपेशीत असून संचय घडवतो. डेल्टा बहुतेक ऊतींत, विशेषतः स्नायूंत, कार्य करतो.

क्रियेचे टप्पे असे. मेदाम्ल ग्राहीच्या पोकळीत बसते व ग्राहीचा आकार किंचित पालटतो. ‘आरएक्सआर’ या दुसऱ्या ग्राहीशी जोडी करून तो डीएनएच्या नियत क्रमावर असतो. आकार पालटताच दमनकारी प्रथिने सुटतात, साहाय्यक प्रथिने येतात आणि प्रतिलेखनास वेग येतो. म्हणजे मेद हे केवळ इंधन नव्हे. स्वतःच्या विनियोगाचा आदेशही तेच देते.

येथे शीघ्र व मंद नियमन यांतील भेद आवश्यक आहे. बीड जिल्ह्यातील धारूर, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीस निघणाऱ्या कोयत्याचे, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीचे, उदाहरण घेऊ. रात्रीच्या जेवणानंतर बरेच तास लोटून पहाटे फडात तोडणी सुरू होते, तेव्हा इन्शुलिन उतरलेले असते. मेदपेशींतून मेदाम्ले रक्तात येतात आणि विकरांवरील (एन्झाइमांवरील) प्रतिबंध सुटून ज्वलन काही मिनिटांत वाढते. हे शीघ्र नियमन. यात जनुकाचा सहभाग नाही. उपास लांबला की अल्फा यकृतातील ज्वलनाची व कीटोननिर्मितीची विकरे अधिक घडवतो. त्यास काही तास लागतात. हे मंद नियमन. महिनोन्‌महिने मोळ्या वाहणाऱ्या स्नायूंत मेद जाळण्याची क्षमता वाढते, त्यात डेल्टाचा वाटा असतो. हे अनुमान सामान्य शरीरक्रियाशास्त्रावरून काढलेले आहे, मजुरांवरील मापनावरून नव्हे. शिवाय अशी क्षमता म्हणजे आरोग्य नव्हे. अपुऱ्या आहारात तीच क्षमता शरीराची झीज लांबवते, थांबवत नाही.

गॅमावर कार्य करणारे पायोग्लिटाझोन हे औषध मधुमेहात साखर उतरवते, पण वजन व शरीरातील पाणीही वाढवते. भारतात २०१३ च्या जूनमध्ये त्याची विक्री स्थगित झाली व जुलैअखेर स्थगिती उठली. मराठवाड्यातील करडईच्या तेलात विपुल असलेले लिनोलेइक आम्लही या ग्राहींना जोडले जाते. तेवढ्यावरून त्या तेलास मधुमेहाचे औषध म्हणणे अशास्त्रीय आहे.