इंजिन तेल बदलणे

इंजिन तेल बदलणे ही मोटारवाहनाच्या नियमित देखभालीतील क्रिया आहे. तीत इंजिनातील जुने वंगणतेल काढून उत्पादकाने ठरवून दिलेल्या दर्जाचे नवे तेल भरले जाते. चारचाकी वाहने व ट्रॅक्टर यांत सहसा तेलाचा फिल्टरही बदलतात. महाराष्ट्रात बोलण्यात या कामास ‘ऑइल बदलणे’ म्हणतात. वाहनमालक हे काम स्वतः करतो किंवा मजुरी देऊन मेकॅनिककडून करून घेतो. या दोहोंतील निवड बहुधा मजुरीच्या हिशेबाने केली जाते. मात्र योग्य तेलाची पारख, हमीची कागदपत्रे आणि निघालेल्या काळ्या तेलाची विल्हेवाट या बाबी मजुरीपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.

तेल बदलण्याची कारणे

इंजिन तेल हलत्या भागांतील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि ज्वलनातून निर्माण होणारी काजळी व धातूचे सूक्ष्म कण स्वतःत धरून ठेवते. उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यात मिसळलेली संरक्षक रसायने हळूहळू संपतात. तेल काळे पडणे हे मात्र ते निकामी झाल्याचे लक्षण नव्हे. डिझेल इंजिनात नवे तेलही काजळीमुळे थोड्याच वेळात काळे दिसू लागते. त्यामुळे रंगावरून नव्हे, तर वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरानुसार किंवा कालावधीनुसार तेल बदलावे लागते. ट्रॅक्टरच्या बाबतीत किलोमीटरऐवजी इंजिन चाललेले तास मोजतात. मराठवाड्यासारख्या कोरड्या व धुळीच्या प्रदेशात हवेचा फिल्टर अस्वच्छ राहिल्यास धूळ इंजिनात जाऊन तेल लवकर खराब होते.

कार्यपद्धती

सपाट जागेवर वाहन उभे करून इंजिन थोडे गरम केले जाते, कारण कोमट तेल पातळ होऊन पूर्णपणे निथळते. त्यानंतर मेकॅनिक ज्याला ‘चेंबर’ म्हणतात, त्या इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याचा नट काढून तेल रुंद भांड्यात घेतात. नटाखालील वॉशर आवश्यकतेनुसार बदलून नट पुन्हा बसवतात. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला थोडे तेल लावून तो हाताने आवळतात. ठरावीक मापाचे तेल भरल्यावर इंजिन काही वेळ चालवून बंद करतात आणि तेल खाली उतरल्यावर डिपस्टिकवर पातळी पाहतात. तेल कमी पडणे जितके हानिकारक, तितकेच ते जास्त होणेही हानिकारक असते.

नवख्याच्या हातून होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे नट वाजवीपेक्षा जास्त आवळणे. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेल्यास वाचवलेल्या मजुरीच्या अनेक पट खर्च येतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आणि तीवर नवा फिल्टर बसवला, तर तेल वेगाने गळते. मोटारीखाली केवळ जॅकच्या आधारावर शिरणे जिवावर बेतू शकते. त्यासाठी भक्कम स्टँड लागतात. मोटारसायकलचा नट सहज हाती येतो व बहुतेक लहान मोटारसायकलींना सुमारे १ लिटर तेल पुरते. म्हणून स्वतः तेल बदलण्याचा प्रारंभ दुचाकीपासून करणे सोयीचे असते.

तेलाची निवड

तेलाच्या डब्यावरील ‘१०डब्ल्यू-३०’ यांसारखे अंक त्याचा दाटपणा दर्शवतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंड हवामानातील वर्तनाशी संबंधित आहे. दाटपणा जुळला म्हणजे तेल योग्य, असे नाही. बहुतांश मोटारसायकलींत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी रसायने असलेले मोटारीचे तेल त्यात घातल्यास क्लच घसरू लागतो. अशा वाहनांसाठी ‘जासो एमए’ मानकाचे तेल वापरतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर अनेक डिझेल मोटारींत धुरातील कण अडवणारा फिल्टर आला. त्यांना जळल्यावर कमी राख सोडणारे तेल लागते. जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रीकडून सवयीचेच तेल नव्या गाडीत जाण्याची शक्यता असते. माहितीपुस्तिका वाचून तेल विकत घेणारा मालक येथे वरचढ ठरतो. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत बनावट तेल भरून विकले जाण्याचा धोका असल्यामुळे सील पाहून डबा समोर फोडून घेणे आणि रिकामा डबा निकामी करणे हितावह असते.

ग्रामीण मराठवाड्यातील स्थिती

बीड जिल्ह्यातील नारायणगडासारख्या परिसरात अधिकृत सेवाकेंद्र गाठणे हाच स्वतंत्र खर्च असतो. ट्रॅक्टर तेवढ्यासाठी शहरात नेल्यास डिझेल आणि कामाचा दिवस दोन्ही जातात. म्हणून शेतात किंवा घरासमोर तेल बदलणे येथे व्यवहार्य ठरते. जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे मोठे स्थलांतर होते. ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टर दीर्घकाळ अखंड चालत असल्याने तासांची मर्यादा लवकर संपते. अशा वेळी तेल कोणी बदलले यापेक्षा ते वेळेत बदलले का, हेच इंजिनाच्या दृष्टीने निर्णायक असते.

दुचाकीच्या बाबतीत चित्र उलट आहे. तेल बदलण्याची मजुरी मुळात अल्प असते, त्यामुळे बचत नाममात्र होते. शिवाय अनुभवी मेकॅनिक त्याच वेळी साखळीचा ताण, ब्रेक आणि गळती यांवर नजर टाकतो. ही तपासणी बिलात दिसत नाही.

हमी व कायदेशीर बाजू

हमीच्या काळात स्वतः तेल बदलणाऱ्या मालकाने तेल व फिल्टरची पावती, दिनांक आणि किलोमीटरची नोंद जपणे आवश्यक असते. पुढे इंजिनात बिघाड झाल्यास देखभाल वेळेवर झाल्याचा दुसरा पुरावा त्याच्याजवळ नसतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. ग्राहकाने बाहेरील गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. तीन कंपन्यांच्या अपिलांवर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने उल्लंघनाचा निष्कर्ष कायम ठेवला, मात्र दंड कमी केला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ सुरू केले. त्याच्या कक्षेत मोटारी व शेती अवजारे यांचाही समावेश आहे.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेल्या तेलात जड धातू व बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असू शकतात. त्वचेशी त्याचा वारंवार संपर्क टाळावा लागतो. ग्रामीण भागात ‘जळके ऑइल’ फेकून न देता वाळवीपासून संरक्षणासाठी लाकडाला, गंज टाळण्यासाठी अवजारांना किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावण्याची रीत आहे. काटकसर म्हणून ती समजण्याजोगी असली, तरी हे तेल शेवटी जमिनीतच उतरते. मराठवाड्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा असून विहिरी व कूपनलिकांना मुख्यतः त्याच्या झिजलेल्या थरांतून व भेगांतून पाणी मिळते. विहिरीजवळ ओतलेले तेल त्याच वाटांनी पाण्यापर्यंत पोहोचू शकते. एका तेलबदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा इशारा आहे.

भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या कक्षेत येते. गॅरेजांनी ते साठवून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रियाकाराला देणे अपेक्षित आहे. २०२३ मधील दुरुस्तीने वंगणतेलाच्या उत्पादक व आयातदारांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी टाकली असून ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. अमेरिकेत अनेक सुट्या भागांची दुकाने ग्राहकाने घरी काढलेले तेल परत घेतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अशी सोय सर्वसाधारणपणे उपलब्ध नाही. त्यामुळे घरी तेल बदलणाऱ्यास ते पाणी, पेट्रोल किंवा अन्य द्रव न मिसळता झाकणाच्या डब्यात साठवून, जुने तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे लागते. जुना फिल्टरही उलटा ठेवून पूर्ण निथळल्यावरच टाकून देतात, कारण त्यात बरेच तेल शिल्लक असते.