वऱ्हाडातले हबशी : रिसर्च गॅप कधी कधी घराजवळच असते

पेटची तयारी करताना "रिसर्च गॅप शोधायची कशी?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मी मूळचा सायन्सचा, मलाही पडला होता. आज आपल्याच भागातलं एक उदाहरण घेऊ.

शेंदूरजनाघाटहून चिखलदऱ्याला गेलात की गाविलगड बघताच. शाळेत आपण शिकलो की अचलपूरची इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली. एका ओळीत विषय संपला. आता त्या ओळीला एकच प्रश्न विचारा : मोहीम कुणाच्या हातात होती?

उत्तर आहे निजामशहाचा वजीर चंगेजखान. नाव मंगोल वाटतं, पण माणूस हबशी, म्हणजे इथिओपियाकडून आलेला आणि एकेकाळी स्वतः गुलाम असलेला. त्यानेच विकत घेतलेला एक हबशी तरुण पुढे मलिक अंबर झाला.

अंबरचं मूळ नाव चापू. मोखा, बगदाद असे बाजार बघत तो दख्खनेत पोहोचला. चंगेजखान गेल्यावर तो गुलामीतून सुटला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा बुडती निजामशाही त्यानेच सावरली. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी आणलं. सायन्सवाल्यांनी ही नहर-ए-अंबरी जरूर बघावी. १६१६ मध्ये आपल्या अकोल्याजवळच्या बाळापुरातून निघालेल्या शाहनवाजखानाच्या मोगल फौजेने त्याला हरवून खडकी जाळली. तरी १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही, दोघांनाही हरवलं.

आता साधनांकडे या. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला रंगावरून शिव्या घालतो. अबुल हसनच्या चित्रात तर बादशहा अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधी लागलाच नाही. १६२६ मध्ये तो नैसर्गिक मृत्यूने गेला. मग हे चित्र खोटं म्हणून फेकायचं का? नाही. ते अंबरच्या मरणाचा पुरावा नाही, जहांगीरच्या जळफळाटाचा आहे. त्याच्याशेजारी १६१७ मध्ये अंबरला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक ठेवा. त्याला अंबरच्या मुलखात लोकांचा आदर आणि चोख बंदोबस्त दिसला. अर्थात व्यापाऱ्याचाही स्वार्थ असतो, हे विसरू नका.

हा इतिहास नजरेआड का झाला? माझ्या मते आपले कप्पे आधीच ठरलेत : मोगल, मराठे, मुस्लिम सरदार. हबशी माणूस तिसऱ्या कप्प्यात गेला की त्याची आफ्रिका पुसली जाते. आणि आफ्रिकेतले गुलाम म्हटलं की आपल्याला फक्त अमेरिकेतले कापसाचे मळे आठवतात. अरबी समुद्रावरून माणसं आपल्याकडेही आली, विकली गेली, आणि त्यातल्या काहींनी राज्यं चालवली. विकल्या गेलेल्या बाकीच्यांची नावंही राहिली नाहीत. खरी पोकळी तिथे आहे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायच्या आधी एवढं करा. शाळेच्या पुस्तकातली अशी एक ओळ घ्या आणि विचारा : हे केलं कुणी, आणि लिहून ठेवलं कुणी?