ठिणगीवरचा आळ

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराला स्पार्क प्लगचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात ज्या प्रश्नाशी झगडलो तो एवढाच, की एखाद्या गोष्टीचं कारण कशाला म्हणायचं. स्पार्क प्लगचा इतिहास हा त्या प्रश्नाचा फार चांगला धडा आहे. जो जवळ दिसतो, जो सहज खोलून हातात घेता येतो, त्याच्यावर आळ आधी येतो. आणि दोन पानांनी खोलता येईल असा प्लगइतका सोपा आरोपी इंजिनात दुसरा नाही.

सुरुवात आपल्या घरच्या उदाहरणाने करू. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली, नंतर डिझेलवर. वाफेच्या इंजिनात आग सिलिंडरच्या बाहेर, भट्टीत असते. डिझेलमध्ये आग आत असते, पण तिला पेटवणारं कोणी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्यात तेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणजे शकुंतलेच्या दोन्ही अवतारांत प्लग नव्हता. या दोघांच्या मधे पेट्रोलचं इंजिन उभं आहे. तिथे इंधन आणि हवा आधीच मिसळून दाबायची, पण ठिणगी पडेपर्यंत पेटू द्यायची नाही. हे 'थांबणं' हीच सगळी अडचण आहे.

निकोलाउस ऑटोने चार टप्प्यांचं इंजिन १८७६ मध्ये चालवलं. १९०२ मध्ये बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाच्या विजेवर चालणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला, आणि ठिणगी भरवशाची झाली. मग इंजिनवाल्यांचं लक्ष कॉम्प्रेशनकडे गेलं. मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकं जळल्यानंतर ते जास्त पसरतं, आणि तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळतं. पण एका हद्दीपलीकडे इंजिन आतून ठोके देऊ लागलं. त्यालाच आपले मिस्त्री नॉकिंग म्हणतात.

आळ कोणावर आला? ठिणगीवर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला बॅटरीवरची नवी ठिणगी-व्यवस्था दिली होती. लोक म्हणू लागले, ठोके तिच्यामुळेच येतात. केटरिंग यांनी १९१६ पासून थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला त्याच्या मागे लावलं, आणि दोष इंधनाचा निघाला. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो हेच सांगत होते. ठिणगी वेळेवरच पडते, ज्योत पसरू लागते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ताप आणि दाब सहन न होऊन एकदम पेटतं. तोच ठोका.

कारण बरोबर सापडलं, म्हणून उपाय बरोबर निघाला असं मात्र झालं नाही. डिसेंबर १९२१ मध्ये मिजलींना शिशाचं एक संयुग सापडलं. ते पेट्रोलमध्ये थोडंसं घातलं की ठोके थांबत. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते तयार करणारे कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट झाले, पाच जण मेले. तरीही शिशाचं पेट्रोल जगभर विकलं गेलं. आपल्या देशातून ते पूर्णपणे गेलं फेब्रुवारी २००० मध्ये. जास्त कॉम्प्रेशनची किंमत कोणी मोजली, हे इतिहासात लिहून ठेवलं पाहिजे.

आता महाराष्ट्रात येऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि पद्मिनी निघाल्या. इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडर चार. म्हणजे एका सिलिंडरचे २७२ सीसी. समजा कॉम्प्रेशन साडेसात आहे. तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ४२ सीसी. तेच नऊ करायचं तर जागा ३४ सीसी हवी. फरक फक्त आठ सीसीचा, मोठे दोन चमचेही नाहीत! हेड घासून घेतलं की काम झालं, असं पोरांना वाटतं ते याच्यामुळे. पण तेवढ्या फरकाने आतला ताप बदलतो, आणि जुना प्लग त्या घरात परका ठरतो.

इथे एक शब्द नीट समजून घेऊ. 'गरम प्लग' आणि 'थंड प्लग' यांचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही. प्लगच्या टोकाला आलेला ताप किती लवकर हेडमध्ये उतरतो, एवढंच त्यात आहे. पांढऱ्या चिनी मातीचं आतलं नाक लांब असेल तर ताप सावकाश उतरतो, तो गरम प्लग. नाक आखूड तर थंड. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, प्लग काळा पडतो. ९०० च्या आसपास गेलं तर टोकच निखारा होतं आणि ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून कॉम्प्रेशन वाढवलं की प्लग एक पायरी थंड घ्यायचा.

आकड्यांनी मात्र फसू नका. जुन्या बॉश आणि मायकोच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग थंड. डब्ल्यू १७५ पेक्षा २२५ थंड. बॉशने पुढे पद्धत उलटवली, १७५ चा ७ झाला आणि २२५ चा ५. एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड, चॅम्पियनमध्ये मोठा आकडा गरम. शेजारच्याने सांगितलेला आकडा कंपनी न विचारता लावू नये.

बरं, थंड प्लग लावला आणि नॉकिंग गेलं नाही, तर? जाणारच नाही. निखारा झालेलं टोक हा प्लगचा स्वतःचा गुन्हा, तो थंड प्लगने थांबतो. कोपऱ्यातलं मिश्रण पेटणं हा गुन्हा प्लगचा नाही. त्याला टायमिंग मागे घ्यावं लागतं, चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, नाहीतर हेड इतकं घासायलाच नको होतं.

आमचे नैयायिक इथे कामाला येतात. धूर दिसला तर आग आहे, हे अनुमान बरोबर. पण आग आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. त्याला ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटलं. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कपाशीचं पान लाल झालं, तर तो तुडतुडे बघतो, मॅग्नेशियमची कमतरता बघतो, रात्रीची थंडी आठवतो, मग औषधाचं बोलतो. प्लग तसाच वाचायचा. काळा आहे म्हणून लगेच गरम प्लग आणू नका. कार्बोरेटर जास्त पेट्रोल देत असेल, अंगठ्या झिजून ऑइल वर येत असेल. पांढरा फटक आहे तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय का, ते आधी बघा. फिकट तपकिरी रंग दिसला, तर समजा जुळलं.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी आटे आणि लांबी हेडला जुळणारी. लांब प्लग पिस्टनला लागेल. मग एक पायरी थंड. मग गॅप थोडी कमी, कारण दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जुनी कॉइल ते पुरवेलच असं नाही. मग जोरात गाडी चालवून, इंजिन लगेच बंद करून, चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवायचे. एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा, निवडीचा नव्हे.

आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय, त्यातलं काही आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं, त्यामुळे ठोके कमी होतील. पण तापलेल्या टोकावर ते आधीच पेटण्याची भीती असते. म्हणजे पोरं पुन्हा हेड घासणार, आणि प्लगच्या पायरीचा प्रश्न पुन्हा येणार. तेव्हा एवढंच करा. प्लग फेकण्याआधी त्याला उजेडात धरून नीट बघा. आत काय घडलं ते बघून बाहेर आलेला साक्षीदार तोच आहे, आणि त्याची साक्ष न घेता त्यालाच शिक्षा देण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलं आहे.