टेलि-मानस आणि मेडलाइनप्लस: मनाच्या आरोग्याची मोफत मदत मोबाईलवर

येरवड्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, म्हणून पुण्यात चिडवताना ‘याला येरवड्याला न्या’ म्हणतात. अशा चेष्टेच्या भीतीने झोप उडाली, सतत उदास वाटलं, तरी अनेकजण गप्प बसतात. पण मदतीची सुरुवात घरबसल्या मोबाईलवरून करता येते.

टेलि-मानस: केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ लावा आणि मराठी निवडा. कॉल मोफत, सेवा २४ तास. इंटरनेट लागत नाही. आधी समुपदेशक बोलतात. गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात.

मेडलाइनप्लस: अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही मोफत वेबसाइट १९९८ पासून चालू आहे. आजाराचं किंवा औषधाचं नाव इंग्रजीत सर्च करा. लक्षणं, उपचार आणि दुष्परिणाम सोप्या इंग्रजीत वाचायला मिळतात. जाहिराती नसतात.

लक्षात ठेवा: वाचून स्वतःच निदान करू नका, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर थांबवू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर सर्च करत बसू नका. लगेच १४४१६ किंवा ११२ लावा आणि जवळच्या माणसाला सांगा.