सरकारी घोषणा मोबाईलवर कशी तपासायची?

"मोदींची मोठी घोषणा" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, की मी आधी एकच बघतो: त्यात शब्द कोणता वापरलाय?

आपल्याच धाराशिवचं उदाहरण घ्या. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात आले होते. सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद चौपदरी महामार्गाचं त्यांनी लोकार्पण केलं आणि तुळजापूरमार्गे सोलापूर-उस्मानाबाद रेल्वेमार्गाला मंजुरी दिल्याचं सांगितलं. कार्यक्रम एकच, पण रस्ता तयार होता आणि रेल्वे तेव्हा कागदावर होती.

मंजुरी: काम करायचं ठरलं. निधी, भूसंपादन, टेंडर पुढे.
भूमिपूजन: कामाची औपचारिक सुरुवात.
लोकार्पण: काम लोकांच्या वापरासाठी खुलं.

तपासायचं कसं? केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे पीआयबीची वेबसाइट उघडा. भाषा मराठी निवडा, तारीख टाका आणि मूळ निवेदन वाचा. केंद्राची घोषणा तिथे सापडली नाही, तर मेसेज पुढे पाठवू नका.

आणि हो, "रेल्वे येतेय" म्हणून कुणी प्लॉटचं टोकन मागितलं, तर पैसे पाठवण्याआधी ही दोन मिनिटं नक्की काढा!